मालतीची मिशी

आमच्या नाटकमंडळीत नव्यानं येणाऱ्याची परीक्षा एकच असे. शेठजी त्याला आपल्या मिरचीच्या वखारीत नेत, लाल ढिगाच्या कडेला उभं करत आणि म्हणत, "बोल." काय बोलायचं ते सांगत नसत. माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच नाकातोंडात मिरचीची झोंबरी खाट जाई, डोळे भरून येत, घशात ठसका अडके. जो खोकत बाहेर पळे त्याला शेठजी पाणी देत, पाठीवर हात फिरवत आणि पडदा ओढायच्या कामावर लावत. जो उभा राही तो नट.

"रडानं काय, आठे बैलले बी रडू येस," ते म्हणत. "खोकला दाबीसन बोलना, तो खरा."

तालमीही त्याच वखारीत होत. त्यामुळे आमची दुःखाची दृश्यं तालमीत अप्रतिम वठत आणि प्रयोगाच्या दिवशी, मोकळ्या हवेत, कोरडी जात. ही गोष्ट सगळ्या नंदुरबारला ठाऊक होती. फक्त शेठजींना ती पटत नव्हती. ते म्हणत, लोक त्या दिवशी लक्ष देत नाहीत.

शेठजींचे आजोबा मारवाडातून आले. त्यांनी इथे आडतीचं दुकान टाकलं आणि तेव्हापासून घराणं मिरचीत होतं. घरात मारवाडी, दुकानात शेतकऱ्यांशी अहिराणी, सुरतेच्या व्यापाऱ्यांशी गुजराती, असं शेठजींचं बोलणं जागेप्रमाणे बदले. पण तालमीत एखादं वाक्य म्हणून दाखवायची वेळ आली की त्यांच्या तोंडून असं स्वच्छ ग्रांथिक मराठी निघे की शाळेत ते शिकवणारा मी खाली बघत असे. जैन असल्यामुळे सूर्यास्तानंतर ते पाण्याचा थेंबही घेत नसत. संध्याकाळी लवकर जेवून, एक मोठी ढेकर देऊन, छत्री काखेत मारून वखारीत येत. छत्री बाराही महिने असे. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही.

त्यांनी स्वतः बसवलेलं एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. प्रयोग सुरू झाला की ते शेवटच्या रांगेच्याही मागे जाऊन उभे राहत आणि प्रेक्षकांच्या पाठी बघत. "तोंड खोटं बोलस, पाठ नही बोलत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाठ टेकली म्हणजे कंटाळा, पाठ पुढे झुकली म्हणजे रस, आणि खाजवणारे हात थांबले म्हणजे नाटक जमलं. दुसऱ्या दिवशी ते आम्हाला सांगत, "दुसऱ्या अंकात बेलदार गल्लीना लोके खाजवी ऱ्हायंतात." तेवढ्यावर तो प्रवेश छाटला जाई.

आणखी एक खोड होती, आणि तिचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला. नट एकदा भूमिकेत शिरला की शेठजी त्याला त्याच नावानं हाक मारत, कुठंही. मी शाळेत शिक्षक. मनगटं बारीक, आवाज हलका, म्हणून नायिका माझ्याकडे आली. नाटक कुठलंही असो, शेठजी तिचं नाव मालतीच ठेवत. भरबाजारात, माझे विद्यार्थी आजूबाजूला असताना, पलीकडच्या पेढीवरून हाक येई, "मालतीबाई, वांगा काय भाव लिधात?" भाजीवाली पदरात तोंड लपवी. मी भाव सांगे. न सांगावा तर ते पुन्हा, अधिक मोठ्यानं विचारत.

मालतीला मिशी होती. हे सांगणं भाग आहे.

माझे वडील, आबा, तापीकाठच्या आमच्या गावी शेती बघत. बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढायची नाही, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. सफाचट ओठ दिसला की लोक आधी हात जोडतात आणि मग विचारतात, केव्हा गेले? मला वाटलं होतं, शेठजी पहिल्याच दिवशी वस्तऱ्याची गोष्ट काढतील. त्यांनी उलट दम दिला. "बाप जित्ता शे तोवर मिशीले हात लावानं नही. नाटक मी देखी लिसू."

आणि त्यांनी नाटकच बदललं. एका नाटकात मालती सबंध वेळ लाजते, पदर तोंडावर. दुसऱ्यात ती विधवा होते आणि चेहरा दाखवत नाही. तिसऱ्यात तिची दाढ दुखते. पहिल्या अंकात दुखायला लागते ती शेवटपर्यंत, आणि नायकाशी तिचं लग्न ठरतं तेही गालाला फडकं बांधलेल्या अवस्थेत. मूळ लेखकाला हे कळलं असतं तर त्यानं काय केलं असतं कोण जाणे. लोकांना मात्र ते इतकं खरं वाटलं की प्रयोगानंतर एका म्हातारीनं माझ्यासाठी लवंगा पाठवल्या.

त्या काळात मी गावातल्या सेवा मंडळाचा चिटणीसही होतो. वाचनालयाच्या माडीवर दर गुरुवारी संध्याकाळी आमची बैठक असे. अध्यक्ष डॉक्टर होते, दोन वकील, स्टेशनमास्तर, काही व्यापारी, आम्ही शिक्षक. उन्हाळ्यात स्टेशनावर पाणपोई चालवायची, सातपुड्यातल्या जत्रांना औषधांची पेटी पाठवायची, अशी कामं मंडळ करी. डॉक्टर फार नियमाचे. समोर घंटी, हातात घड्याळ, आणि प्रत्येक गोष्टीचा ठराव. पेट्रोमॅक्स पेटवणाऱ्या शिपायाच्या आभाराचासुद्धा ठराव होई आणि तो एकमतानं संमत होई.

दवाखान्यात बाळंतिणींसाठी वेगळी खोली बांधायचं मंडळाच्या मनात होतं. त्यासाठी शेठजींच्या नाटकाचा प्रयोग करावा, असं मी सुचवलं. एक वकील म्हणाले, "नाटकवाल्यांना मंडळाचं नाव द्यायचं म्हणजे जरा विचार करायला हवा." डॉक्टर म्हणाले, "तर मग पाहुणे वक्ते म्हणून बोलवा त्यांना. बोलू द्या. एखादा प्रवेशही करून दाखवू द्या. मग ठरवू."

मी घरी आलो तो काळजीतच. माडीवर पेट्रोमॅक्सच्या उजेडात, चार हातांवर बसलेल्या वकिलांसमोर दाढदुखीची मालती उभी करायची? ते हसतील. खोली राहून जाईल, प्रयोग राहून जाईल आणि शेठजींचा अपमान होईल तो वेगळाच. तालमींच्या नादात मी दोन महिने गावाकडे फिरकलो नव्हतो. पुढचा महिनाभरही जाणं होणार नव्हतं. तोवर मिशी पुन्हा येईल, कुणाला कळणार? असा विचार करून त्या गुरुवारी दुपारी मी न्हाव्याकडे गेलो. न्हावी म्हणाला, "मास्तर, खरंच काढू?" त्यानं दोनदा विचारलं. मी दोन्हीदा हो म्हटलं. त्या दोन होकारांचं ओझं मी पुढे बरेच दिवस वाहिलं.

शेठजींना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. बैठकीआधी मी वाचनालयाच्या आतल्या खोलीत लुगडं नेसत होतो आणि दार किलकिलं करून बाहेर बघत होतो. शेठजी आले, छत्री काखेत. बरोबर आमच्या गावचे भिलाकाका. काका मिरचीच्या गाड्या घेऊन आठवडाभर नंदुरबारात पडून होते आणि त्या संध्याकाळी गावाला निघणार होते. शेठजींनी त्यांना वर ओढून आणलं होतं. वकिलांच्या पाठींवर त्यांचा भरवसा नव्हता, एक तरी शेतकऱ्याची पाठ हवी होती.

डॉक्टरांनी घंटी वाजवून पाहुण्यांचा परिचय करून दिला आणि टाळ्या झाल्या. शेठजी टेबलाजवळ गेले, सगळ्यांच्या तोंडांकडे एकवार बघितलं आणि अवघडले.

"डॉक्टरसाहेब, आठे माले काहीच दिसी नही ऱ्हायनं," ते म्हणाले, आणि सरळ खुर्च्यांच्या मधून चालत मागे गेले. भिंतीला टेकून उभे राहिले आणि तिथून व्याख्यान सुरू केलं.

मंडळी माना वळवून मागे बघू लागली. "पुढे बघा, पुढे बघा," शेठजी म्हणाले. डॉक्टर काही बोलणार होते, पण नियमांत व्यासपीठाची जागा कुठं लिहिलेली नव्हती. शेवटी सगळे प्रतिष्ठित लोक रिकाम्या टेबलाकडे तोंड करून बसले आणि पाठीमागून त्या शुद्ध, संथ मराठीत आवाज येत राहिला. "नाटक म्हणजे परक्याच्या घरात शिरून त्याचं दुःख उचलून आणणं आहे. परत नेऊन ठेवायचं मात्र विसरायचं नाही." असं ते बोलत होते. मध्येच म्हणाले, "वकीलसाहेब, टेका नका." वकील चटकन सरळ झाले. स्टेशनमास्तर हसले, आणि सगळ्यांच्या पाठी हळूहळू पुढे झुकल्या. मी दाराच्या फटीतून ते बघत होतो. मला आनंद झाला होता, हेही सांगायला हवं.

"बाकीचं मालती सांगेल," शेठजी म्हणाले, आणि मी बाहेर आलो. डोक्यावर पदर, चेहरा उघडा.

शेठजींनी मला पाहिलं. त्यांच्या काखेतली छत्री खाली पडली. ती उचलायला ते वाकले नाहीत.

मी प्रवेश केला. मालती माहेर सोडते तो प्रवेश. फडक्याशिवाय, पदराआड न लपता मी तो पहिल्यांदाच करत होतो, आणि तो चांगला झाला. खाजवणारे हात थांबले असतील तर ते मला समोरून दिसत नव्हते. पण माडीवर आवाज नव्हता.

मी नमस्कार केला, पदर खांद्यावर घेतला. भिलाकाकांनी मला तेव्हा ओळखलं. ते खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"काय व्हयनं रे भो? आबा कवय गयात?"

माझा हात ओठाकडे जाऊ लागला, पण त्यांनी तो सोडला नाही.

"मी निंघनू तवय त्यास्ले ताप व्हता," काका रडत म्हणाले. "माले वाटनं उतरी जाई. आन तू आठे काम करी ऱ्हायना? बापनं सुतक ऱ्हावाना टाईमले?"

आबांना ताप असल्याचं मला माहीत नव्हतं. मला म्हणायचं होतं, काका, आबा ठीक आहेत, ही मिशी मी उगाच काढली. पण आबा ठीक आहेत हे मला तरी कुठं माहीत होतं? दोन महिन्यांत मी गेलोच नव्हतो. ताप आलेला माणूस आठवड्यात जाऊ शकतो. आणि त्याच दिवशी दुपारी मी वस्तऱ्याखाली बसून दोनदा हो म्हटलं होतं. माझा ओठ गार पडला होता.

डॉक्टर उठले. त्यांनी हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं. "वडिलांचं निधन होऊनही आमच्या चिटणीसांनी मंडळाचं कार्य चुकवलं नाही," ते म्हणाले. "दुखवट्याचा ठराव मी अध्यक्षांतर्फे मांडतो. सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. ज्या वकिलांना नाटकवाल्यांचा विचार करायचा होता ते हात जोडून उभे होते. मीही उभा होतो, हिरव्या लुगड्यात, आबांच्या दुखवट्यासाठी. ती दोन मिनिटं मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. सबंध माडीवर बसलेला एकच माणूस होता. शेठजी मागे एका खुर्चीवर बसून होते, आणि त्यांचं न उठणं बघून डॉक्टरांनी नंतर नाराजी दाखवली.

भिलाकाका लगेच गाडी जुंपून निघाले. वाटेतल्या सोयऱ्यांना कळवायला हवं, म्हणाले. मी आतल्या खोलीत लुगडं सोडत होतो तिथं शेठजी आले.

"खरं शे का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी मिशी आधी काढली. मला काही माहीत नव्हतं."

ते काही रागावले नाहीत. "पहाटले दमणी येई," एवढंच म्हणाले. मी डोळे न मिटता पडून राहिलो. तांबडं फुटायच्या आत त्यांची बैलांची दमणी दारात होती.

वाटेत उजाडलं तशी शेठजींनी छत्री मांडीवर घेतली. मग म्हणाले, "माले बी बाईनं काम करानं व्हतं. तुन्हा उमरमा. कंबर अशी व्हती मन्ही." त्यांनी दोन हातांनी एवढीशी कंबर दाखवली. "पन बापूजी जित्ता व्हतात. मी सांगं, थांबसू. मंग बापूजी गयात. आन बापूजी गयात तोवर मन्ही कंबर बी गयी."

मला हसू आलं आणि हसल्याची लाज वाटली. शेठजी बैलांकडे बघत होते. "म्हणून मी तुन्ही मिशी संभाळी," ते म्हणाले. "वाट देखानी पाळी कोनावर यावाले नको. ना तुन्हावर, ना तुन्हा बापवर." मग थोड्या वेळानं, "कालदिन काम झकास व्हयनं पन." शेठजींनी माझं कौतुक केलं ते हे एकदाच. त्या क्षणी मला ते नको होतं.

गावात शिरलो तर आमच्या ओट्यावर माणसं बसलेली. पांढऱ्या टोप्या, खाली घातलेल्या माना. दमणी थांबायच्या आत मी उडी मारली. मी तिथंच चाकाला धरून उभा राहिलो.

माणसं बाजूला झाली. मध्ये घोंगडी पांघरून आबा बसले होते. उतरलेले, दाढी वाढलेली, हातात गुळाच्या चहाची बशी. त्यांच्यासमोर भिलाकाका मान खाली घालून बसले होते.

आबांनी माझ्या ओठाकडे बघितलं. "ये," ते म्हणाले. "कोन मरनं?"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मला रडू कोसळलं.

शेठजी पुढे झाले. "पाटील, याना काही गुन्हा नही. मिशी मी काढाले लायी."

"नाही आबा," मी म्हणालो. "शेठजींनी नकोच म्हटलं होतं. मीच काढली. नाटकासाठी. मला वाटलं, माझ्यामुळे तुम्हाला..."

आबांनी बशी खाली ठेवली. "मी काय तुन्ही मिशीवर जगी ऱ्हायनू का? मी भाकरवर जगी ऱ्हायनू." ओट्यावरची माणसं खुसखुसली. "ताप उना, गया. आठ दिन कोनी देखाले उनं नही. भिला बोंबलत उना तवय सगळा गाव गोया व्हयना. चहानी पत्ती सरी गयी."

आठ दिवस कुणी बघायला आलं नाही, हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. मिशीचं त्यांनी मला त्या दिवशी माफ केलं. हे दुसरं होतं, आणि ते मी माझ्यापाशी ठेवून घेतलं. तेव्हापासून दर पंधरवड्याला मी गावी जाऊ लागलो. आबा होते तोवर.

शेठजींनी माडीवरची हकीकत सांगितली. आबा लक्ष देऊन ऐकत होते.

"उभा ऱ्हायनात? कोन कोन?"

"डॉक्टर. दोन्ही वकील. स्टेशनमास्तर."

"मास्तर बी?"

"बठ्ठा लोके."

"तुम्ही?"

"मी नही. माले खरं वाटनं नही." शेठजी थोडे ओशाळले. "मन्ही काही खातरी नव्हती. पन उभा ऱ्हायनू असतू ते खरं व्हई जातं, असं वाटनं."

आबांनी घोंगडी बाजूला सारली. मग म्हणाले, "मन्हासाठी एवढा मोठा लोके उभा ऱ्हायनात, आन मी घर बठी ऱ्हाऊ? फेडानं पडी." दुखवट्याला आलेल्यांच्या घरी आपण परत जायचं, ही रीत. आबांच्या लेखी त्यात काही फरक पडत नव्हता, दुखवटा त्यांचा स्वतःचा असला तरी.

पुढच्या गुरुवारी शेठजींनीच त्यांना दमणीतून आणलं. आबा धुतलेलं धोतर नेसून, केळ्यांचे दोन घड बरोबर घेऊन माडीचा जिना चढले. वर बैठक सुरू झाली होती. डॉक्टरांचा चेहरा कसनुसा झाला होता, कारण खरी गोष्ट मी त्यांना आधीच सांगितली होती आणि नियमाप्रमाणे झालेला ठराव मागे घेणं भाग होतं. नाटकाच्या प्रयोगाला मंडळाचं नाव द्यायचं आधीच, चर्चेवाचून, ठरून गेलं होतं. त्या प्रयोगात मालतीची दाढ दुखली नाही, आणि दवाखान्यात ती खोली आजही आहे. पण त्या संध्याकाळी माझं लक्ष यातल्या कशाकडेच नव्हतं. मी दाराकडे बघत होतो.

आबा आत आले. शेठजी त्यांच्यामागे, छत्री काखेत.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "दुखवट्याचा ठराव परत घेण्याचा ठराव मी मांडतो," ते म्हणाले. एका वकिलांनी विचारलं, मूळ ठराव उभं राहून झाला, तर हा बसून कसा होईल? दुसरे वकील म्हणाले, आनंदाच्या ठरावाला उभं राहायचा नियम नाही. यावर दोघांत थोडी चकमक झाली. डॉक्टरांनी घंटी वाजवली आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, म्हणजे शंकाच नको.

खुर्च्या सरकल्या. सगळी माडी उभी राहिली. मीही उठलो. या वेळी शेठजीही उभे होते, छाती काढून, सर्वांत आधी.

आबा मधोमध थांबले. केळ्यांचे घड त्यांनी टेबलावर ठेवले. इतकी मोठी माणसं आपल्यासाठी ताटकळत उभी बघून त्यांना अवघडल्यासारखं झालं.

"बठा भो, बठा," ते म्हणाले. "माले काही घाई नही."

सगळे बसले. शेवटी मीही बसलो.